न सांगितलेला सराव

दोन बार ऐकू आले तेव्हा डार्ला ओल्सन वृद्धाश्रमातल्या तीन म्हाताऱ्यांना घेऊन बिंगोच्या खेळाला निघाली होती. एल्सीची चाकांची खुर्ची ती ढकलत होती, आणि लग्नावाचून म्हातारे झालेले दोघे शेतकरी भाऊ वॉकर टेकत मागून येत होते. स्वयंपाकघरात कुणी भांडं पाडलं असेल असं तिला आधी वाटलं. मग पुढच्या दाराकडून कुणीतरी किंचाळलं आणि लांब बोळाच्या टोकाला एक उंच माणूस आला. त्याने काळी माकडटोपी गळ्यापर्यंत ओढली होती. हातात पिस्तूल होतं.

असल्या बातम्या डार्लाने आयुष्यभर ऐकल्या होत्या. शाळेत झालं, चर्चमध्ये झालं, किराणा दुकानात झालं. प्रत्येक वेळी ती नवऱ्याला म्हणायची, "आपल्या आयोवातल्या या मक्याच्या रानात कोण कडमडायला येतंय?" आणि आता तो आला होता.

तिने विचार केलाच नाही. डाव्या हाताला धुतलेल्या चादरी ठेवायची खोली होती. तिने एल्सीला आत ढकललं, दोघा भावांना दंडाला धरून आत ओढलं, दार लावून किल्ली फिरवली आणि दिवा बंद केला. मग दाराची मूठ पकडून ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

एल्सी नव्वदीची होती, आणि घाबरली की गुणगुणायची. ती अंधारात गुणगुणू लागली. डार्लाने तिच्या तोंडावर हात दाबला. जोरात दाबला. दुसऱ्या हाताने फोन काढला. नवऱ्याला 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं लिहायचं तिच्या मनात होतं, पण बोटांनी लिहिलं, 'कुत्र्याची गोळी फ्रिजवर आहे.' तेच तिने पाठवलं.

तेवढ्यात बाहेर रबरी बुटांचा चुर्रचुर्र आवाज आला आणि त्याबरोबर चाकांच्या खुर्चीचा खडखडाट. दारावर तळव्याची थाप पडली.

"डार्ला! डार्ला, मी आहे गं. अल्विन आजोबा आहेत माझ्याबरोबर. दार उघड."

नोरीन होती. डार्लाच्या घरापासून तिसरं घर नोरीनचं. दोघी कित्येक वर्षं एकाच गाडीने कामाला येत होत्या, एक आठवडा हिची गाडी, एक आठवडा तिची. डार्लाच्या मुलीच्या बारशाचा केक नोरीनने केला होता, आणि नोरीनच्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात डार्ला तिच्याकडे झोपायला जायची. तो आवाज तिने हजारांत ओळखला असता.

"अगं उघड ना! तो येतोय!"

डार्लाच्या हातात किल्ली होती. ती फिरवायला कितीसा वेळ लागतो? तिने ती घट्ट धरली. श्वासही रोखून धरला, म्हणजे बाहेर कळू नये आत कुणी आहे. धाकटा भाऊ पुटपुटला, "नोरीन आहे वाटतं," आणि डार्लाने अंधारात मान हलवली. नाही. नाही म्हणून.

थापा थांबल्या. मग बोळात जड बूट वाजले, आणि एका पुरुषाचा आवाज अगदी दाराला लागून म्हणाला, "ठो."

त्यानंतर बराच वेळ काहीच झालं नाही. आणि मग भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकातून वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक कर्टिस ब्लेन यांचा प्रसन्न आवाज आला, "सराव संपला. सगळ्यांचे आभार. कर्मचाऱ्यांनी जेवणघरात यावं. कॉफी आणि डोनट ठेवलेत."

थोरला भाऊ म्हणाला, "काय म्हणाला तो? बिंगो संपला?"

डार्लाला किल्लीवरून बोटं सोडवता येईनात. दुसऱ्या हाताने एकेक बोट उचकटून तिने ती सोडवली.

दार उघडलं तर समोर बोळात नोरीन होती. अल्विन आजोबांच्या खुर्चीवर ती पालथी पडली होती, दोन्ही हातांनी त्यांचं डोकं आपल्या पोटाशी झाकून. तिच्या निळ्या पँटवर मांड्यांपर्यंत ओल उतरली होती. आजोबा आतून दबक्या आवाजात विचारत होते, "गेला का तो? गेला का?" आणि तिच्याजवळ उभा राहून माकडटोपी काढणारा माणूस होता ट्रेंट फेन्स्की, शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या, हाताखालचा अधिकारी. येत्या नोव्हेंबरात तो स्वतःच शेरीफच्या निवडणुकीला उभा होता. त्याच्या नावाची पाटी डार्लाच्या नवऱ्याने अंगणात रोवली होती.

"बाई," ट्रेंट म्हणाला, कारण लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत नोरीननेच त्याला शिकवलं होतं. "बाई, उठा आता. मी आहे. फक्त आवाजाची काडतुसं होती."

नोरीन उठली नाही. डार्लाने तिला हात द्यायला हवा होता. तिला पाऊल उचलता आलं नाही.

जेवणघरात सगळे जमले तेव्हा स्वयंपाकीणबाई हुंदके देत होत्या आणि रिसेप्शनवरची जिल कागदी पिशवीत ओकत होती. नोरीनने कमरेला स्वेटर बांधला होता. कर्टिस ब्लेन टाळ्या वाजवत पुढे आले. तिशी-पस्तिशीचा माणूस, गोड बोलणारा, म्हाताऱ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणारा.

"मला माहीत आहे, तुम्ही हादरलात," ते म्हणाले. "पण आधी सांगितलं असतं तर नाटक झालं असतं. आपल्या जिल्ह्यातल्या, अख्ख्या काउंटीतल्या संस्थांना ट्रेंट हा सराव फुकट देतोय. खरंच कुणी आला तर काय होईल, ते आज आपल्याला कळलं."

"दारात जिल मेली असती," ट्रेंट म्हणाला. तो मोठ्याने बोलत नव्हता, आणि केस घामाने कपाळाला चिकटले होते. त्याला यात मजा वाटत नव्हती, हे डार्लाला स्पष्ट दिसलं, आणि तेच तिला जास्त भयंकर वाटलं. "स्वयंपाकघरात दोघी. पण डार्लाने नेमकं जे करायला हवं तेच केलं. कुलूप, अंधार, शांतता. आणि बाहेरून कुणी कितीही विनवण्या केल्या तरी दार उघडायचं नाही, हे सगळ्यात अवघड असतं. तिने नाही उघडलं. म्हणून चार जीव वाचले. टाळ्या वाजवा तिच्यासाठी."

टाळ्या वाजल्या. घाबरलेली माणसं सांगितलं की वाजवतात तशा.

"नोरीनबाई," ट्रेंट तिच्याकडे वळला. "तुम्ही उघड्या बोळात थांबलात. वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही मेलात. आणि आजोबाही."

"माहीत आहे मला," नोरीन म्हणाली. "मी तिथेच होते."

कर्टिसने डोनटचा डबा उघडला.

त्या आठवड्यात गाडी डार्लाची होती. नोरीन सीटवर प्लास्टिकची पिशवी पसरून बसली. गाव संपलं, शेतं सुरू झाली, धान्याच्या कोठ्या मागे पडल्या. डार्ला दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून समोर बघत होती.

"एक विचारू?" नोरीन म्हणाली.

"विचार ना."

"आतून तुला माझा आवाज ओळखू आला होता?"

"नाही गं," डार्ला म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. "एल्सी गुणगुणत होती. मला काही कळतच नव्हतं."

"बरं," नोरीन म्हणाली. घर आलं तेव्हा तिने ती पिशवी घडी करून बरोबर नेली.

नवरा, ड्वेन, दारातच उभा होता. "कुत्र्याच्या गोळीचं काय मध्येच?" तो हसत म्हणाला, आणि मग तिचा चेहरा बघून तिला हाताला धरून आत आणलं. तिने सगळं सांगितलं. फक्त किल्लीचं सांगितलं नाही.

"माणूस कडक आहे ट्रेंट," तो सगळं ऐकून म्हणाला. "जरा जास्तच झालं, कबूल. पण तू बरोबर वागलीस. घाबरलेलं परवडलं, मेलेलं नाही परवडत."

"त्याने नोरीनला ठो म्हटलं, ड्वेन."

"म्हणजे गोळी तर नाही ना मारली?"

डार्ला न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी एल्सीच्या गालांवर निळे डाग उमटले होते. म्हातारपणी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते, नुसतं धरलं तरी काळंनिळं पडतं. एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा एक. डार्लाने त्यावर मलम लावलं. एल्सी तिच्याकडे बघून हसली. "कुणी मारलं गं मला?" तिने विचारलं.

"मी," डार्ला म्हणाली.

"चल, काहीतरीच," एल्सी म्हणाली.

पण खरे हाल होते अल्विन आजोबांचे. त्यांना विसरायचा आजार होता. बायको मेल्याचं ते विसरले होते, मुलीचं नाव विसरत, सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे. सराव काय, तो का झाला, तो माणूस कोण होता, यातलं त्यांना काहीच आठवत नव्हतं. उरली होती ती नुसती भीती. दारात कुणाची सावली पडली की ते चादर तोंडावर ओढून विचारत, "गेला का तो?" डार्ला त्यांच्या पलंगावर बसून सांगायची, "आजोबा, कुणी नव्हतंच. खोटं होतं ते. सराव होता." ते मान हलवायचे, शांत व्हायचे, आणि ती दारापर्यंत जाते न जाते तोच मागून आवाज यायचा, "पोरी, गेला का गं तो?" दिवसातून किती वेळा सांगणार? आणि सांगून उपयोग काय? समजावलेलं सगळं पुसलं जायचं आणि घाबरवलेलं तेवढं राहायचं. त्यांची मुलगी आली, बापाला तसं बघून बोळात भिंतीला टेकून रडली, आणि तिथूनच तिने काउंटीच्या मंडळाकडे तक्रार केली.

नोरीन कामावर आली नाही. पहिल्यांदा अंग दुखतंय म्हणाली, मग फोन उचलेना. डार्ला सकाळी तिच्या घरासमोर गाडी हळू करायची. पडदे ओढलेले असायचे.

तक्रारीची बातमी फुटली आणि गाव दोन बाजूंना वाटलं गेलं. फेसबुकवर लोक एकमेकांच्या उरावर बसले. 'आमच्या आयांवर पिस्तूल रोखणारा शेरीफ हवा का?' असं एकाने लिहिलं. 'उद्या खरा कुणी आला की हीच रडकी ट्रेंटच्या नावाने टाहो फोडतील,' असं दुसऱ्याने. ही सगळी बंदुका काढून घेणाऱ्यांची चाल आहे, असंही कुणी म्हणालं. डार्लाच्या घरात तीन बंदुका होत्या. दर हिवाळ्यात ती स्वतः हरणाच्या शिकारीला जायची. हे प्रकरण तिच्या डोक्यात बंदुकीचं नव्हतंच. कशाचं होतं, ते तिला कुणाला सांगता येत नव्हतं.

मंडळाची बैठक ठरली तेव्हा कर्टिसने तिला खोलीत बोलावलं.

"डार्ला, तू बोलावंस असं मला वाटतं. तू आमची नायिका आहेस. सरावामुळे काय फायदा झाला ते तूच सांग. तुझं लोक ऐकतील."

"मला जे वाटतं ते बोलू?"

"अर्थात. तेच तर हवंय."

काउंटीच्या कचेरीत बसायला जागा उरली नव्हती. टोप्या मांडीवर ठेवून शेतकरी आले होते, गणवेशातल्या नर्सा होत्या. मागच्या भिंतीपाशी अंगातला कोट न काढता नोरीन उभी होती. ती येईल असं डार्लाला वाटलं नव्हतं.

ट्रेंट आधी बोलला. "गोळीबार झालेल्या एका शाळेत आत शिरणारा मी दुसरा पोलीस होतो," तो म्हणाला. "त्या गावाचं नाव मी घेणार नाही. तिथे वर्गाला कुलूप लावायचं कुणालाच सुचलं नव्हतं. सगळ्यांनी आधी कागदावर सराव केला होता, सांगून-सवरून. मी जे पाहिलं ते तुम्हाला बघायला लागू नये म्हणून मी हे करतो. चुकलं असेल तर माफ करा. पण मी परत करीन." तो खाली बसला तेव्हा ज्यांना तो आवडत नव्हता तेही जमिनीकडे बघत राहिले.

मग डार्लाचं नाव पुकारलं. तिने माइक खाली ओढून घेतला.

"मी बरोबर वागले असं मला सगळे सांगतात," ती म्हणाली. "माझ्यासाठी टाळ्याही वाजल्या. तर काय झालं ते ऐका. मी आत होते आणि बाहेर माझी मैत्रीण दार ठोठावत होती. तिने माझं नाव घेतलं. मी तिचा आवाज ओळखला. पहिल्या शब्दाला ओळखला. किल्ली माझ्या हातात होती आणि त्या माणसाचे बूट अजून बोळात वाजलेही नव्हते. वेळ होता. तिला आणि आजोबांना आत घेण्याइतका वेळ होता. मी उघडलं नाही. मी तिला मरू दिलं."

"पण तसं झालं नाही ना, बाई," मंडळाचे अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले. "कुणीच मेलं नाही."

"पिस्तूल खोटं होतं," डार्ला म्हणाली. "मी खरी होते. मी जे केलं ते खरंच केलं. ट्रेंट, तू म्हणतोस तुला आम्हाला तयार करायचं होतं. मी आता तयार आहे. परत कुणी आला तर मी परत नाही उघडणार, आणि ते मला माहीत आहे. हे माहीत असलेली बाई म्हणून मी आता रोज या लोकांना आंघोळ घालते. तुला हेच हवं होतं का?"

टाळ्या वाजल्या नाहीत. अध्यक्षांनी आभार मानले, मतं घेतली, आणि यापुढे कोणत्याही संस्थेत न सांगता सराव करायचा नाही असं एका मताच्या फरकाने ठरलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचा विषय वाचला. उत्तरेकडच्या रस्त्यावर खडी टाकण्याचा.

डार्ला बाहेर आली तेव्हा नोरीन गाड्यांच्या रांगेत तिच्याच गाडीपाशी उभी होती. वारा सुटला होता आणि कापणी झालेल्या शेतांतली धूळ दिव्यांखाली उडत होती.

"मी तुला खोटं सांगितलं," डार्ला म्हणाली.

"ते मला त्याच दिवशी कळलं. तू एरवी एका हाताने गाडी चालवतेस."

"मग बोलली का नाहीस? शिव्या तरी घालायच्यास."

"घालणार होते. घरी बसून पाठ करत होते." नोरीन किंचित हसली, पण ते हसू टिकलं नाही. "मला म्हणायचं होतं, मी तुझ्या जागी असते तर उघडलं असतं. रोज आरशासमोर म्हणून बघितलं. पण ते खरं आहे का, तेच मला कळेना. कधी वाटतं उघडलं असतं. कधी वाटतं, नोरीन, उगाच टेंभा मिरवू नकोस."

"तू आजोबांच्या अंगावर पडलीस. तू पळाली नाहीस."

"मला पळता येत नाही गं, गुडघे गेलेत माझे." तिने कोटाची कॉलर वर ओढली. "अगं, माणसाला असलं काही कळायलाच नको असतं. माझी सगळी हयात गेली, मला कुणी विचारलं नाही की तुझी मैत्रीण तुझ्यासाठी मरेल का. म्हणून तर बरं चाललं होतं. तुझं खरं आजच्या आज पोटात घेऊन मी काय करू? तूही काय करशील?"

डार्ला रडत होती. नोरीनने तिला जवळ घेतलं नाही, पण खिशातून रुमाल काढून दिला.

"माझा तुझ्यावर राग नाही," ती म्हणाली. "पण तुझ्याबरोबर गाडीत नाही बसवत मला. आणि कामावर मी येणार नाही."

नोव्हेंबरात ट्रेंट फेन्स्की शेरीफ झाला, आरामात. डार्लाने मतपत्रिकेवरची ती जागा कोरी ठेवली. ड्वेनला तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. कर्टिस ब्लेनची बढती होऊन ते दुसऱ्या शहरातल्या मोठ्या वृद्धाश्रमात गेले. जाताना त्यांनी सगळ्यांना नावानिशी कार्डं दिली. अल्विन आजोबा थंडीत फुप्फुसांच्या दाहाने गेले. अंत्ययात्रेनंतर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच खाताना डार्ला आणि नोरीन समोरासमोर बसल्या आणि बटाट्याचं सॅलड फार आंबट झालंय, यावर बोलल्या. नोरीन आता चर्चच्या पाळणाघरात लहान मुलं सांभाळत होती. तिथे बरं वाटतं, म्हणाली.

एप्रिलमध्ये डार्ला दुकानात भाजी घेत होती. कांदे निवडता निवडता वर पाहिलं तर पलीकडून नोरीन ढकलगाडी घेऊन येत होती. टाळण्यासारखं काही नव्हतं. दोघी थांबल्या.

"रूबार्बला देठ फुटले का तुझ्या अंगणात?" नोरीनने विचारलं.

"नुकता डोकं काढतोय."

"माझा यंदा गोठलाच. शेवटच्या हिमात गेला."

"माझ्यातला कंद नेऊन लाव ना. नाहीतर मी..."

मागे धाडकन आवाज झाला. दुकानातल्या माणसाच्या हातून डब्यांची अख्खी उतरंड फरशीवर कोसळली होती.

डार्ला खाली होती. ती कधी खाली गेली ते तिला कळलं नाही. गाल थंड फरशीला लागला होता, आणि तिच्या स्वेटरची बाही कुणीतरी इतकी गच्च ओढून धरली होती की काख दुखत होती. तिने मान वळवली. बटाट्यांच्या मांडणीच्या आडोशाला नोरीन तिच्या शेजारी पालथी पडली होती, दुखऱ्या गुडघ्यांवर आपटून. बाही तिच्या मुठीत होती.

एक डबा गडगडत त्यांच्यापर्यंत आला आणि थांबला. "माफ करा हं! माफ करा!" तो माणूस लांबून ओरडला. लोक ढकलगाड्या थांबवून या दोन म्हाताऱ्या होत चाललेल्या बायकांकडे बघू लागले. कुणीतरी विचारलं, "घसरलात का हो?"

डार्लाने नोरीनच्या मुठीवर आपला हात ठेवला. उठायला हवं होतं. दोघींनाही उठता येत नव्हतं.